येसूबाईचं मत

आचारसंहिता लागली की सोलापुरात काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवरची नावं चुन्यानं पुसतात, चौकातले फ्लेक्स उतरतात, पुढाऱ्यांच्या गाड्या गल्लीबोळांतून फिरायला लागतात. पण जुळे सोलापूर या उपनगरातल्या एका घरात आणखी एक गोष्ट होते. टीव्हीवर तारखा जाहीर झाल्या रे झाल्या की आतल्या खोलीतून सत्त्याऐंशी वर्षांचे आप्पा ओरडतात, "उत्के, दारात पान्याचा तांब्या ठेव! आली असंल ती."

उत्के म्हणजे उत्कर्षा, त्यांची नात. सव्वीस वर्षांची, शिकलेली, एका खाजगी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसणारी. तिनं लहानपणापासून तांब्या ठेवलाय. जिच्यासाठी ठेवायचा ती बाई तिला कधी दिसली नाही. आप्पांना दिसते. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला टेकून, गुडघ्यात मान घालून बसलेली असते म्हणे. मतदान होईपर्यंत बसते आणि मग जाते. काचबिंदूनं आप्पांचे दोन्ही डोळे गेले. समोरचं घड्याळ दिसत नाही, नातीचं तोंड दिसत नाही, पण ती दिसायची काही थांबली नाही. आता याला काय म्हणावं!

उत्कर्षाचे वडील अकलूजच्या साखर कारखान्यात नोकरीला. ते आठवड्यातून एकदा येतात आणि "म्हाताऱ्याला भ्रम झालाय" म्हणून मोकळे होतात. आई काही बोलत नाही. पण दारातल्या त्या कोपऱ्यात ती कधी चपला काढू देत नाही, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिची केरसुणी तेवढी जागा सोडून पुढं जाते. भ्रम आहे ना? मग झाड की बाई तिथंही! पण नाही झाडत.

आप्पांनी जन्मात मत दिलं नव्हतं. त्यांच्या वडलांनी दिलं नव्हतं. मुलानं नाव यादीत घातलं होतं, तरी मतदार यादीवाले आले की आप्पा त्यांना हाकलून लावायचे. परवाच्या लोकसभेला मात्र निराळंच घडलं. यादीवाल्या बाई एक फॉर्म घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आता घरूनच मत देता येतं. आमची माणसं मतपत्रिका घेऊन घरी येतील."

आप्पा खाटेवर उठून बसले. "कागद घरात येनार? खरा कागद?"

"खराच की हो आप्पा."

"आन मला दिसत न्हाय, तर खूण कोन करनार?"

"घरातलं कुणीतरी सोबती म्हणून चालतं. तुम्ही कानात सांगायचं, त्यानं खूण करायची."

कानात सांगायचं म्हटल्यावर आप्पांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "आना तो फॉर्म. अंगठा लावतो." बाई गेल्यावर त्यांनी उत्कर्षाला जवळ बसवलं आणि आजवर अर्धीमुर्धी ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा पुरती सांगितली.

गोष्ट मोहोळ तालुक्यातल्या खैरवाडीची. शंभर वर्षं होत आली तिला. इंग्रजाचं राज्य होतं आणि दिल्लीच्या असेंब्लीची निवडणूक लागली होती. तेव्हा मत काही सगळ्यांना नव्हतं. ज्याचा शेतसारा मोठा, त्याला. अख्ख्या खैरवाडीत एकच मतदार, तो म्हणजे आप्पांचा आजा जोतिराम. गावानं म्हटलं, मत एकाचं असलं तरी शब्द गावाचा पाहिजे. चावडीपुढं काळं घोंगडं अंथरलं. ज्याला पुण्याचा वकील हवा त्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, ज्याला इनामदार हवा त्यानं तुरीचा.

वकिलानं वेठबिगार बंद करायचा शब्द दिला होता. सरकारी साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान फुकटात वाहायचं ते महारवाड्यानं. त्याच ओझ्याखाली येसूबाईचा नवरा वाटेत कोसळून मेला होता. महारवाड्याला घोंगड्याजवळ यायला बंदी. येसूबाईनं लांबूनच दाणा फेकला, तो बाहेर पडला. ती ओरडली, "माजा मोजा! माजाबी मोजा!" जोतिरामानं स्वतः उठून तो दाणा मातीतून वेचला आणि घोंगड्यावर टाकला. घोंगडं ज्वारीनं पांढरं झालं. जोतिरामानं सगळ्यांदेखत बेलभंडार उचलला की गाव म्हणेल तेच नाव सांगीन.

गाडी जुंपून तो मोहोळला गेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा मतदारानं साहेबाच्या कानात नाव सांगायचं आणि खूण साहेबानं करायची, अशी तेव्हाची रीत. मतदानाच्या खोलीत गेला तर साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत इनामदार पान चघळत बसलेला. "या जोतिबा, या," म्हणाला, बस्स एवढंच. जोतिरामाची पाचावर धारण बसली. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते इनामदाराचं नाव. त्यानं काही घेतलं नव्हतं, त्याला कुणी काही देऊ केलं नव्हतं. नुसता भ्याला.

गावात येऊन मात्र म्हणाला, "दिलं तुमी सांगितलं तसं." गावानं गूळ वाटला. पंधरा दिवसांनी इनामदाराचा गडी जरीचा फेटा घेऊन चावडीवर आला आणि भर माणसांत म्हणाला, "मालकांनी जोतिबाला धाडलाय. मान राखला म्हनून." झालं! सगळं उघडं पडलं.

गाव भांडलं नाही, थुंकलं आणि गप्प बसलं. येसूबाई तेवढी उठली आणि जोतिरामाच्या दारात धरणं धरून बसली. अन्न नाही, पाणी नाही. "माजं मत परत दे," एवढंच म्हणायची. जोतिरामाची बायको दगडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तर तिनं तोंड फिरवलं. आणि जोतिराम? मी सांगितलं तसंच दिलं, फेट्याचं मला काय ठाऊक, हेच टुमणं लावून बसला. नवव्या दिवशी येसूबाई बसल्या जागी गेली.

"पुढं आपलं राज्य आलं," आप्पा म्हणाले. "समद्यास्नी मत आलं. येसूबाईचं पोरगं नवी टोपी घालून रांगेत हुबं ऱ्हायलं. आन आमचा आजा आतनं कडी लावून बसला. मी चौदा-पंधराचा आसंन. आजा कुनाशी बोलतोय म्हनून फटीतनं बगितलं, तर ही दारात. तवापासनं माज्याबी मागं हाय. कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरात गेलो, तितं आली. हितं घर बांदलं, हितं आली. पत्ता कोन देतंय तिला, कुनास ठावं."

उत्कर्षाला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. दारातून ऊन आत आलं होतं आणि तिनं त्या कोपऱ्याकडं बघायचं टाळलं.

"मला तिचं मत तिला द्यायचंय, उत्के. जिवात जीव हाय तवर. मिलिंदनगरात तिचा पणतू ऱ्हातो, यशवंत नाव. जा, आन इचार कुनाला देऊ. ती लोकं म्हनतील त्येच नाव तुज्या कानात सांगतो. मग उठंल ती."

त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून, उत्कर्षा स्कूटीवरून मिलिंदनगरात गेली. यशवंत सत्तरीच्या आतबाहेरचे, महापालिकेतून रिटायर झालेले. त्यांची मुलगी धम्मप्रिया शाळेत शिक्षिका. टेबलावर तिचं निवडणूक ड्युटीचं पत्र पडलेलं. तिनं पाणी दिलं, पंखा वाढवला. उत्कर्षानं खाली मान घालून सगळं सांगितलं. सांगताना तिला इतकी लाज वाटली की ग्लास हातातच राहिला.

यशवंत म्हणाले, "ही गोष्ट आमच्याबी घरात हाय. पर आमच्यात ती दारात बसून न्हाय. आमच्यात ती कवाच उठून गेली. माज्या आजानं पहिलं मत दिलं की न्हाय, त्याच दिवशी."

"मग आमच्या दारात कोण बसतं, काका?"

"ते तुमच्या घरानं बगायचं, बाळ."

धम्मप्रिया इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "तुमच्या आप्पांना आम्ही नाव सांगायचं, म्हणजे पुन्हा आमचं मत तुमच्याच हातानं जायचं. शंभर वर्षांनी हेच का? आम्हाला मत घटनेनं दिलंय, तुमच्या घरानं नाही. आमचं आम्ही देतो. तुमचं तुम्ही द्या."

उत्कर्षाला तोंडात मारल्यासारखं झालं. ती उठली. धम्मप्रिया दारापर्यंत सोडायला आली आणि जरा खालच्या आवाजात म्हणाली, "राग मानू नका. आप्पांना म्हणावं, मनाला येईल ते नाव घ्या. आणि तोंडातून निघेल तेच कागदावर जाऊ द्या. तुमच्या घराला एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी बाजूला सारून म्हणाले, "बरुबर हाय त्या पोरीचं. पर माजं मत काय? मला कदी कुनी इचारलंच न्हाय. मीबी न्हाय इचारलं." मग बराच विचार करून म्हणाले, "ठरलं माजं. पर उत्के, मी सांगीन त्येच कर. या घरातनं दुसऱ्यानं सांगितलेलं एक मत तरी खरं जाऊ दे. न्हायतर मी मेल्यावर ती तुज्या दारात येईल."

"आप्पा, असं काय बोलता!" उत्कर्षा चिडून म्हणाली.

ठरलेल्या दिवशी दुपारी बाराला माणसं आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरेवाला. टीपॉयवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. उत्कर्षानं सोबती म्हणून कागदावर सही केली की मत गुप्त ठेवीन. कॅमेरेवाल्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. आप्पांनी तिचा कान ओढून जवळ घेतला, आणि नाव सांगितलं.

नाव काही मी तुम्हाला सांगणार नाही. मत गुप्त असतं. शिवाय तुम्ही उगाच त्यावरून भांडत बसाल. एवढं सांगतो की त्या नावानं उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं तिनं सरकारी भरतीचा अभ्यास केला होता, आणि दोनदा पेपर फुटला होता. ज्यांच्यामुळं फुटला असं तिला वाटत होतं, त्यातलाच हा. त्यांच्या एका सभेत ती हातात फलक घेऊन उभी राहिली होती, तर पोलिसांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं होतं. आणि आप्पांनी कानातच दिलेलं कारण काय? तर म्हणे कधीकाळी त्यानं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपसाठी आवाज उठवला होता!

ती आडोशामागं वाकली. लांबलचक मतपत्रिका, त्यावर वीसएक नावं. पेन तिच्या हातात होतं आणि ते आपोआप दुसऱ्याच नावावर गेलं. कुणाला कळणार होतं? आप्पांना दिसत नव्हतं. कॅमेरा भिंतीकडं. पाकीट चिकटलं की ब्रह्मदेवाला पत्ता लागायचा नाही. एक बारीक खूण, आणि तीन वर्षांचा राग निघणार होता. मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं तिला वाटलं. वळून बघायचा धीर झाला नाही. मोहोळच्या त्या खोलीत जोतिरामाला असंच झालं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्या न पाहिलेल्या माणसाची तिला भयंकर कीव आली.

"मॅडम, झालं का?" कॅमेरेवाला म्हणाला.

तिनं पेन उचललं, खाली आणलं, आणि आप्पांनी सांगितलेल्या नावापुढं खूण केली. नीट, ठसठशीत, दोनदा बघून.

"मॅडम?"

"झालं." तिनं घडी घातली, पाकीट चिकटवलं. माणसं सरबत पिऊन गेली. उत्कर्षाला हलकं वाटलं. इतकं हलकं की तिनं आईला मिठी मारली.

आप्पा खाटेवर ताठ बसून होते. "दिलंस?"

"दिलं, आप्पा."

"लई येळ लागला."

"नावं लई होती."

"मी म्हनलं त्येच दिलंस?"

"व्हय, आप्पा. तेच दिलं."

आप्पा भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी दोनदा. उत्कर्षानं देवाची शपथ घेतली, आईची घेतली, शेवटी "तुमचीच शपथ" म्हणाली. आप्पा कडवट हसले. "शपतीचं काय सांगतीस मला? आमच्या घरात शपतीला तोटा न्हवता." त्या दिवशी कामावर जाताना ती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. खरं बोललेलं कुणाला पटत नाही, याच्यासारखा छळ नाही.

आणि ती बाई काही उठली नाही. उलट आप्पा म्हणायला लागले, "उंबऱ्याच्या आत आली." मग म्हणाले, "खाटंच्या पायथ्याला बसलीय." त्यांनी जेवण सोडलं, झोप सोडली. डोळा लागला की दचकून उठायचे आणि पाय पोटाशी ओढून घ्यायचे, जागा करून दिल्यासारखे. दारातला तांब्या सकाळी भरलेला असायचा आणि दुपारी रिकामा. आई म्हणाली, उन्हानं आटतंय. उत्कर्षाही तसंच म्हणाली. मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

मतदानाचा दिवस आला आणि गेला. उत्कर्षा बोटाला शाई लावून आली. एरवी त्या संध्याकाळी आप्पा म्हणायचे, ग्येली बग. या खेपेला म्हणाले नाहीत. डॉक्टर घरी येऊन नाडी बघून गेले आणि वडलांना अकलूजहून बोलवून घ्या म्हणाले.

वडील वाटेत होते, आई औषधाला गेली होती. भर दुपार. आप्पांनी चाचपत उत्कर्षाचा हात धरला. हाताची नुसती हाडं राहिली होती. "उत्के," ते म्हणाले, "मी रागावनार न्हाय. एकदा खरं सांग. ही बग हितं बसलीय. माज्या तोंडाकडं बगत बसलीय. मी तिला काय सांगू?"

उत्कर्षानं खाटेच्या पायथ्याकडं बघितलं. चादर होती, दुसरं काही नव्हतं. मग तिनं आप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा भ्यालेला. तेच दिलं, तेच दिलं, हे ती शंभरदा म्हणाली होती. शंभर वेळा तो शब्द त्यांच्या कानापर्यंत जाऊन परत आला होता. हजार वेळा म्हटलं असतं तरी आलाच असता. तिला हे कळलं आणि तिचा जीव तुटला.

"नाही दिलं, आप्पा," ती म्हणाली. "मला त्या माणसाचा राग होता. मी दुसऱ्याला दिलं. तुमच्याशी खोटं बोलले."

आप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की तिला वाटलं, गेलेच. पण त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. चेहरा सैल पडला होता. कितीतरी दिवसांनी ते पाय लांब करून झोपले.

"बरं केलंस, सांगितलंस," ते म्हणाले. "आमच्या आज्यानं कदी सांगितलंच न्हाय. एकदा म्हनला असता, मी भ्यालो गं, चुकलो, तर ती उठून घरी गेली असती." मग पायथ्याकडं तोंड करून, पाहुण्याला निरोप द्यावा तसं म्हणाले, "आयकलंस न्हवं, येसूबाई? पोरीनं सांगितलं. जा आता."

थोड्या वेळानं हसून म्हणाले, "ग्येली बग, उत्के." आणि त्यांना झोप लागली. त्या झोपेतून ते उठले नाहीत.

वडील आले, माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, किती शांत गेले. उत्कर्षा मान हलवत राहिली. जोतिरामाच्या घरातून शंभर वर्षांत दुसऱ्यानं सांगितलेलं एकच मत खरं गेलं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं दिलं होतं, आणि ते दिलंच नाही असं ती स्वतःच्या तोंडानं सांगून बसली होती. आप्पा ते खरं मानून गेले. येसूबाईनं काय मानलं असेल, या भीतीनं उत्कर्षानं दिवसभर दाराकडं बघितलं नाही.